‘मानणे’, ‘लेखणे’ आणि ‘वागवणे’ : समभाव सांगणाऱ्या क्रियापदांचा विचार

शास्त्राध्ययनात नामांचा विचार पुष्कळ होतो. क्रियापदांचा त्या मानाने फारच थोडा होतो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ कोणते व त्यांची लक्षणे कोणती, हे विद्यार्थी आरंभीच पाठ करतो. परंतु ‘मानणे’ म्हणजे काय, ‘समजणे’ म्हणजे काय आणि या दोहोंत अंतर किती, हे त्याला सहसा कोणी विचारीत नाही. परिणाम असा होतो की, ‘समता’, ‘समभाव’, ‘साम्य’ ही मोठी नामे निरूपणात वारंवार येतात, श्रोते मान डोलवितात, आणि घरी गेल्यावर एखादा वासनिक शेजाऱ्याच्या साध्या प्रश्नापुढे अडतो. शेजारी विचारतो, “सगळे देव सारखेच, मग तुम्ही एकाच परमेश्वराला का धरून बसता?” किंवा, “तुम्ही सर्व जीव समान म्हणता, मग अधिकारभेद कशाला सांगता?” या प्रश्नांचे उत्तर नामात सापडत नाही. नामाने कर्ता झाकला जातो, कर्म झाकले जाते, आणि कशाच्या बाबतीत समान हेही झाकले जाते. ‘समता’ हा शब्द मोडून त्याचे क्रियापद केले की कोण, कोणाला, कशाने, कोणासारखे, हे चारही प्रश्न आपोआप उभे राहतात.

मराठीत या अर्थाची क्रियापदे विपुल आहेत. सारखे मानणे, समान लेखणे, एक समजणे, त्यांत गणणे, त्या जागी धरणे, उपमा देणे, तुलना करणे, बरोबरी करणे, सारखे करणे, सारखे वागवणे. कोशात ही एकमेकांच्या अर्थासाठी दिलेली आढळतात. व्यवहारात मात्र एकाच्या जागी दुसरे घातले तर वाक्य तरी बिघडते, नाही तर भांडण तरी होते. म्हणून या शब्दांचे अर्थ ते जेथे राबतात तेथे जाऊन पाहावे हे बरे. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही दोन गावे या कामी फार उपयोगी पडतात. त्यांतील एका गावाचा मोठा धंदाच सादृश्याचा आहे. आणि या दोन तालुक्यांशी नाते असलेल्या दोन विद्वानांनी ‘सम’ या शब्दाच्या परिवाराशी आयुष्यभर परिचय ठेवला होता.

पेण हे गणेशमूर्तींचे गाव. शहरात आणि आसपासच्या हमरापूर, जोहे इत्यादी गावांत मूर्तींचे कारखाने आहेत, आणि तेथील मूर्ती राज्यभर व परदेशीही जातात. कारखान्यात साचा असतो. त्या एका साच्यातून शाडूच्या अथवा प्लास्टरच्या शेकडो मूर्ती निघतात. त्या वाळत मांडलेल्या असताना पाहणारा म्हणतो, ‘सगळ्या सारख्या.’ कारागीर तसे म्हणत नाही. तो म्हणेल, उंचीने सारख्या, बैठकीने सारख्या. पुढे रंग चढतो, आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणी करणारा हात कुशल लागतो व त्याची मजुरीही वेगळी असते, कारण तोपर्यंत सारखी असलेली मूर्ती तेथे वेगळी होते. गिऱ्हाईक शंभर मूर्तींतून एक निवडते ते त्या नजरेवरून.

येथे भाषेचा एक नियम दिसतो. ‘सारखा’ या विशेषणाला तृतीयेची अपेक्षा असते. वयाने सारखे, रंगाने सारखे, साच्याने सारखे. ही तृतीया बोलताना गाळली तरी मनात असावी लागते. शास्त्रकार जिला साधारण धर्म म्हणतात ती हीच. ती मनातूनही गळाली म्हणजे ‘सारखे’ हे हळूच ‘एक’ होते, आणि सर्व गोंधळ तेथून सुरू होतो.

अमरकोशात या गोष्टीचा एक मौजेचा पुरावा आहे. त्याच्या दुसऱ्या कांडातील शूद्रवर्गात कारागिरांचे शब्द सांगताना प्रतिमा, प्रतिबिंब, प्रतिच्छाया, प्रतिकृती हे मूर्तिवाचक शब्द येतात. त्यांना लागूनच उपमा आणि उपमान येतात. आणि लगेच सम, तुल्य, सदृश, समान ही मालिका सुरू होते. कोशकाराने सारखेपणा तत्त्वज्ञानाच्या दालनात ठेवला नाही. तो मूर्तिकाराच्या पडवीत ठेवला. त्यामागे व्युत्पत्तीही आहे. ‘प्रतिमा’ आणि ‘उपमा’ या दोहोंत ‘मा’ म्हणजे मोजणे हा एकच धातू आहे. ‘तुल्य’ म्हणजे तुलेवर उतरणारे, तराजूत तोलता येणारे. आपला ‘सारखा’ हा संस्कृत ‘सदृक्ष’ या शब्दावरून प्राकृतातून आला. त्यात पाहणे हा धातू आहे. ‘बरोबर’ हा फारसी, त्याचा मूळ अर्थ छातीला छाती भिडवून. म्हणजे कोणी मोजून सारखे ठरवितो, कोणी तोलून, कोणी पाहून, कोणी शेजारी उभे राहून. मोजण्यासाठी दोन वस्तू लागतात, तोलण्यासाठी दोन पारडी लागतात. एकच वस्तू असेल तर यांतला एकही शब्द चालत नाही.

अमरकोशाचा हा उल्लेख रोह्याकडे नेतो. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला, परंतु घराणे रोह्याचे आणि बालपणही रोह्यात गेले. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. पण संस्कृत सुटले नाही. मेघदूताचे त्यांनी मराठीत भाषांतर केले आणि उत्तरायुष्यात अमरकोशातील शब्दभांडारावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. गव्हर्नर असताना नोटांवर त्यांची सही असे. नोट हा कागदच. पण शंभराची नोट शंभर रुपये ‘धरली’ जाते. हे ‘धरणे’ म्हणजे मानणे नव्हे आणि समजणेही नव्हे. व्यवहार चालावा म्हणून एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवण्याचा तो करार आहे, आणि करार मोडला की धरलेले सुटते. गणितातला ‘क्ष धरा’ तो हाच. आपल्या मार्गातील सकळ लिपीतही हेच क्रियापद चालते. रवळोव्यासांनी रचिलेल्या त्या लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर धरायचे असते. ती वाचणारा कोणीही ही दोन अक्षरे एकच आहेत असे समजत नाही; समजला तर त्याला पोथी लागणारच नाही.

आता विभक्तीकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण मराठीने पुष्कळसे तत्त्वज्ञान विभक्तीत साठविले आहे. ‘मुखाला चंद्राची उपमा दिली’ या वाक्यात घेणारे मुख चतुर्थीत आहे, देणारा चंद्र षष्ठीत आहे. उपमा वरून खाली वाहते. चंद्राला मुखाची उपमा द्यायची तर कवीला वेगळे धाडस करावे लागते. ‘रामाची शामाशी तुलना केली’ यात दोघे जवळजवळ एका पातळीवर येतात आणि निकाल बाकी राहतो. तुलनेतून साम्य निघेल किंवा वैषम्यही निघेल. ‘रामाने शामाशी बरोबरी केली’ म्हटले की सूरच बदलतो. येथे सारखे ठरविणारा तिसरा कोणी नाही. राम स्वतःच शामाशेजारी जाऊन उभा राहिला आहे, आणि बोलणाऱ्याला ते बहुधा रुचलेले नाही. ‘माझी बरोबरी करतोस?’ या प्रश्नात किती पिढ्यांचा अहंकार भरला आहे ते सांगायला नको. ‘आईप्रमाणे वागते’ हे वाक्य तर दोन तोंडांचे आहे. आई जशी वागते तशी वागते, हा एक अर्थ. आई सांगेल तसे वागते, हा दुसरा. ‘आईसारखी वागते’ यात ही संदिग्धता नाही. शिवाय ‘सारखी’ हे लिंगवचनाप्रमाणे बदलते, ज्याचे वर्णन चालले आहे त्याला चिकटून राहते; ‘प्रमाणे’ बदलत नाही. पेणकडच्या आगरी बोलीत आणि इतरत्र ग्रामीण मराठीत ‘वानी’ चालते. तेही ‘प्रमाणे’सारखेच अव्यय.

साहित्यशास्त्राने ही क्रियापदे अलंकारांच्या नावांनी निवडून ठेवली आहेत, हे पाहिले म्हणजे पूर्वाचार्यांच्या बारीक नजरेचे कौतुक वाटते. मुख चंद्रासारखे आहे असे ‘म्हणणे’ ही उपमा. मुख जणू चंद्रच असे ‘वाटणे’ ही उत्प्रेक्षा. मुखालाच चंद्र ‘म्हणणे’ हे रूपक. आणि मुख पाहून चकोर त्याला खरोखरच चंद्र ‘समजला’, तर तो भ्रांतिमान. वस्तू दोनच, मुख आणि चंद्र. क्रियापद पालटले की कवी उपमेतून भ्रांतीपर्यंत पोचतो. यांतील फक्त शेवटच्या ठिकाणी कर्ता फसलेला आहे. रूपक करणारा कवी फसलेला नसतो. तो जाणून म्हणतो. मम्मटाने उपमेची व्याख्या करताना साधर्म्याबरोबर भेदाची अट घातली, ती याचसाठी. भेद असेल तरच साधर्म्य. भेद संपला की उपमाही संपली.

आपल्या शास्त्रात दोन भिन्न पदार्थांतील भेद न जाणून एकाच्या ठिकाणी दुसरा समजणे याला अन्यथाज्ञान म्हटले आहे. साहित्यिकांचा भ्रांतिमान घटकाभर रिझवितो. अन्यथाज्ञान जीवाला बांधते. अज्ञान आणि अन्यथाज्ञान यांतला फरकही क्रियापदाचाच आहे. अज्ञानी जाणत नाही. अन्यथाज्ञानी चुकीचे जाणतो आणि आपण जाणतो असे मानतो. म्हणून दुसऱ्याचा उपचार अवघड.

दृष्टांतपाठाची रचना या दृष्टीने पुन्हा वाचावी. केशिराजव्यासांनी सर्वज्ञांच्या मुखातून निघालेले एकशे चौदा दृष्टांत एकत्र केले आणि प्रत्येकाला सूत्र व दार्ष्टांतिक जोडले. दार्ष्टांतिकाची गरज काय? दृष्टांत एकदा सांगितला की पुरे नाही का? नाही, कारण दृष्टांत ही ‘सारखे’ म्हणणारी गोष्ट आहे, आणि कशाने सारखे हे दार्ष्टांतिक सांगते. ती राहून गेलेली तृतीया पुरी करणे हेच दार्ष्टांतिकाचे काम. जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा लागला, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. निरूपणात त्या आंधळ्यांना सरसकट खोटे ठरविले जाते. ते योग्य नव्हे. हत्तीचा पाय खांबासारखा असतोच, कानही सुपासारखा असतो. त्यांची उपमा चुकली नाही. ‘पायाने खांबासारखा’ यातील ‘पायाने’ गळले, आणि उरलेल्या वाक्याला त्यांनी संपूर्ण हत्ती बांधला, तेथे ते चुकले. डोळस मनुष्य त्यांच्या उपमा फेकून देत नाही; त्या जागच्या जागी बसवितो.

पेणच्या कारखान्याकडे पुन्हा वळून एक भेद येथेच सांगितला पाहिजे, कारण तो मार्गाबाहेरच्या जिज्ञासूंना नेहमी कोड्यात टाकतो. मूर्ती पूज्य होते ती साम्याच्या द्वारे. आकार सारखा केला, विधीने प्राणप्रतिष्ठा केली, मग तिला देव मानले; उत्सव संपल्यावर विसर्जन केले. भाविक तिला माती ‘समजत’ नाही असे नाही. माती आहे हे जाणून तो तिला देव ‘मानतो’, म्हणून तर तिला पाण्यात सोडताना त्याचा हात थांबत नाही. आपल्याकडे स्थानाला जे वंदन होते त्याचा मार्ग निराळा आहे. ज्या ठिकाणी श्रीचक्रधरस्वामी बसले, उभे राहिले, निजले, तेथे ओटा बांधला आहे. तो ओटा कोणासारखा दिसत नाही, दिसावा अशी अपेक्षाही नाही. तो वंद्य आहे तो संबंधाने, साम्याने नव्हे. म्हणून ओट्यापुढे ‘सारखे’ हा शब्दच उच्चारता येत नाही. दोन्हीकडे मस्तक लवते. क्रियापदे मात्र भिन्न आहेत, आणि हे वासनिकाने ओळखले तर शेजाऱ्याशी बोलताना त्याला ना कोणाची निंदा करावी लागेल, ना स्वतःचे शास्त्र सोडावे लागेल. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्याच्या वेळी पोलीस मानवंदना देतात. राजाला द्यावी तशी ती सलामी असते. तेथील कोणीही देवाला सरकारी अधिकारी समजत नाही, आणि सलामीही खोटी नसते. लोकांना ‘राजाप्रमाणे’ यातला ‘प्रमाणे’ नीट कळतो. तो कळत नाही तो बहुधा वादविवाद करणाऱ्यांना.

‘मानणे’ या शब्दाची खरी ताकद नातेवाचक शब्दांत दिसते. मानलेला भाऊ, मानलेली बहीण. या धातुसाधित विशेषणाला तोलामोलाचा शब्द इतर भाषांत सहजी सापडत नाही. मानलेला भाऊ सख्खा नाही हे मानणारीला पक्के माहीत असते. दत्तक घेतलेला मुलगा कायद्याने मुलगा होतो. मानलेल्याला कायदा ओळखत नाही. तरीही भाऊबीजेला ओवाळले जाते, अडचणीला धावून जावे लागते. मानण्याने वस्तुस्थिती बदलत नाही, मानणाऱ्याचे कर्तव्य बदलते. समजण्याचे उलट आहे. समजण्यात चूक होऊ शकते, ‘मी त्याला चोर समजलो’ असे म्हणता येते. पण ‘मी चुकून तिला बहीण मानले’ हे वाक्य कानाला विचित्र लागते, कारण मानणे हा निश्चय आहे, अंदाज नव्हे. ऋद्धिपूरचे लोक श्रीगोविंदप्रभूंना आई आणि बाप दोन्ही म्हणत. एकाच ठिकाणी दोन्ही नाती. समजण्याच्या क्रियापदाला हे पेलले नसते.

पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनोबा भावे यांच्या आयुष्यात हे क्रियापद जमिनीपर्यंत पोचले. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाला आरंभ झाला. पुढे गावोगाव हिंडताना ते जमीनदारांना सांगत की, पाच मुलगे असतील तर मला सहावा माना आणि माझा वाटा द्या. तो वाटा भूमिहीनांसाठी. यात कोणाची दिशाभूल नाही. हा मनुष्य आपला मुलगा नव्हे हे देणाऱ्याला माहीत आहे. पण एकदा मानले की वाटणी ही मानण्याचीच पुढची पायरी होते. वाटा न देता मानणे हे बोलघेवडेपण ठरते. मिळालेल्या जमिनीतील पुष्कळ पुढे वादात अडकली, पुष्कळ लागवडीच्या लायक नव्हती, हेही खरे आहे. क्रियापद उच्चारणे आणि ते निभावणे यांत अंतर पडते, त्याचाच तो एक दाखला.

विनोबांनी गीतेचे मराठी समश्लोकी भाषांतर केले ते ‘गीताई’, १९३२ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी टिपून घेतली. गीतेच्या शिकवणुकीला त्यांनी साम्ययोग हे नाव दिले आणि ‘साम्यसूत्रे’ रचिली. गीतेचे प्रेम आपल्या मार्गातही जुने आहे. तिच्यावर महानुभाव ग्रंथकारांच्या टीका पुष्कळ आहेत. त्या वाचताना ‘सम’ जेथे जेथे येतो तेथे त्याला कोणता धातू लागला आहे हे पाहावे. दुसऱ्या अध्यायात सुखदुःखे सम ‘करण्याची’ गोष्ट आहे. पाचव्यात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्या ठिकाणी सम ‘पाहण्याची’. सहाव्यात मित्र व शत्रू यांच्या ठिकाणी सम ‘बुद्धीची’, आणि त्याच अध्यायात आपली उपमा देऊन सर्वत्र पाहण्याची. करणे, पाहणे, बुद्धी असणे, उपमा देणे. चार ठिकाणी चार क्रिया. समदर्शी मनुष्य गाईपुढे चारा टाकतो आणि कुत्र्यापुढे भाकरी. त्याने सर्वांपुढे चारा टाकला तर तो ज्ञानी नव्हे, आळशी आहे. दर्शन सम, देणे यथायोग्य.

ही गोष्ट विनोबांच्याच घरातील एका आठवणीने फार चांगली उलगडते. त्यांच्या घरी एक परका विद्यार्थी जेवायला असे. शिळे अन्न उरले तर आई ते स्वतः खाई किंवा विनोबांना वाढी. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजे. सर्वांना सारखे वागवावे असे आईच सांगत असे, तेव्हा मुलाने तिला तिचाच उपदेश ऐकवून भेदभावाचा ठपका ठेवला. आईने तो नाकारला नाही. तिच्या उत्तराचा आशय असा की, तू मला माझा मुलगा दिसतोस आणि तो अतिथिरूप देव दिसतो. तुझ्याही ठिकाणी मला देव दिसू लागेल त्या दिवशी हा भेद जाईल. या उत्तरात तिने ‘वागवणे’ हे क्रियापद ‘दिसणे’ या क्रियापदावर नेऊन टेकविले. वागवण्यातला भेद लपविता येतो. दिसण्यातला भेद लपविता येत नाही, तो फक्त कबूल करता येतो. शिवाय तिचा भेद आपल्या माणसाच्या विरुद्ध होता, हेही ध्यानात घ्यावे. मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ म्हणून एक कडू शब्द आहे; एकाच पंगतीत बसलेल्यांना कमीअधिक, चांगले-वाईट वाढण्याला तो म्हणतात. जगातील पंक्तिप्रपंच बहुशः आपल्यांच्या बाजूने होतो. या माउलीचा उलट होता, आणि तरीही तिने त्याला समभाव म्हटले नाही.

‘लेखणे’ या शब्दात लेखणी आहे. लेखणे म्हणजे हिशेबात धरणे, खात्यावर मांडणे. ‘तुच्छ लेखणे’, ‘समान लेखणे’, दोन्ही त्यातलेच. ‘गणणे’ त्याच्या जवळचे. त्यात गट आधी ठरलेला असतो आणि माणूस त्या गटात टाकला जातो. लेखणे कागदावर होते, वागवणे रस्त्यावर होते. या दोहोंतील दरी किती खोल असू शकते ते याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, महाडला दिसले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली झाले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडून संमत करून घेतला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे लेखणे पुरे झाले होते. तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी त्या लोकांपैकी कोणाला घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा मारहाण झाली, आणि नंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला, म्हणजे लेखलेले खोडले. प्रकरण न्यायालयात गेले; १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

या इतिहासात आपल्या विषयाला उपयोगी अशी एक गोष्ट आहे. ज्यांनी शुद्धीकरण केले त्यांच्यातही ईश्वर सर्वांभूती आहे असे म्हणणारे असतीलच. ‘सर्वांभूती एकच’ हे म्हणणे आणि शेजारच्या माणसाला ओंजळभर पाणी न घेऊ देणे, ही दोन्ही एका मनात सुखाने राहू शकतात. एकत्वाच्या तत्त्वज्ञानाने समतेचा आचार आपोआप येत नाही. आणि भेद मानणाऱ्या शास्त्राने विषमतेचा आचार आपोआप येत नाही. आपले शास्त्र भेद स्पष्ट सांगते. चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न. जीव अनेक, प्रत्येक वेगळा. तरी श्रीचक्रधरस्वामींनी स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला, महदाइसा प्रश्न विचारीत आणि त्यांना उत्तर मिळे. केशिराजव्यासांनी संस्कृतात प्रश्न केला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीकडे वळविले, कारण संस्कृताने मार्गातील वृद्ध साध्वी वंचित राहिल्या असत्या. या दोन गोष्टींत विरोध पाहणारा ‘भिन्न समजणे’ आणि ‘विषम वागवणे’ ही क्रियापदे एक करतो. शेजाऱ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. देवता आणि परमेश्वर यांना एक न समजणे हा ज्ञानाचा भाग. दुसऱ्याच्या देवतेला व तिच्या भक्ताला आदराने वागवणे हा आचाराचा भाग. पहिल्याने दुसरे कमी होत नाही.

भारताच्या संविधानातील भाषाही येथे पाहण्यासारखी आहे. तेथे नुसती ‘समता’ म्हणून थांबलेले नाही. उद्देशिकेत दर्जा आणि संधी ही दोन क्षेत्रे नाव घेऊन सांगितली आहेत. चौदाव्या अनुच्छेदात कायद्यापुढील समानता आहे. राहून जाणारी ती तृतीया विधिज्ञांनी राहू दिली नाही.

भातशेती करणाऱ्याला ‘सारखे करणे’ हे क्रियापद समजावून द्यावे लागत नाही. पेण-रोह्याकडे चिखलणी झाल्यावर खाचरात फळी फिरवतात. उंचवटा राहिला तर तेथले रोप सुकते, खळगा राहिला तर तेथले कुजते. येथे मानून भागत नाही. चिखल खरोखर सपाट व्हावा लागतो. पण शेतकरी डोंगराचा उतार सपाट करीत नाही. तो उतारावर बांध घालून खाचरे पाडतो. प्रत्येक खाचर आपल्यापुरते सम, आणि एक खाचर दुसऱ्याच्या खाली. अधिकारभेद विचारणाऱ्याला हे खाचर दाखवावे. एका अधिकाराच्या सर्वांना एक नियम, एक पंगत, एक दंडवत. त्यात डावे-उजवे नाही. बोध मात्र ज्याला जेवढा पचेल तेवढा.

लोकभाषेने खोट्या समतेलाही नावे ठेवली आहेत. ‘एका दावणीला बांधणे’, ‘सब घोडे बारा टक्के’, ‘एकाच तागडीत तोलणे’. तिन्ही निषेधाच्या आहेत, आणि तिन्हींत जनावर किंवा बाजार आहे. जेथे विचार न करता, श्रम वाचावेत म्हणून सर्वांना एक ठरविले जाते तेथे या म्हणी लागतात. निरूपणकाराने ‘सर्व पंथ एकच सांगतात’ असे म्हणून वेळ मारून नेली तर श्रोत्यांना ते गोड वाटते, पण तेही दावणीला बांधणेच होय. कोणताही पंथ जे सांगतो ते नीट ऐकून घेण्याचा त्रास त्यात वाचविलेला असतो.

भिक्षेच्या आज्ञेकडे या प्रकाशात पाहण्यासारखे आहे. साधनवंताने चारही वर्णांच्या घरी भिक्षा मागावी असे सांगितले आहे. त्या आज्ञेत ‘मानावे’ नाही, ‘लेखावे’ नाही, ‘समजावे’ही नाही. त्या घराविषयी मनात काय येते हे साधनवंताला विचारलेले नाही. त्या दारी जाऊन उभे राहण्यास सांगितले आहे. मन मागाहून येईल किंवा येणार नाही, पाय आधी जावेत अशी योजना आहे. प्रथम अनुसरलेल्याला काही दारे जड जातात, हे अधिकरणांना चांगले ठाऊक असते. म्हणून नव्या साधनवंताला आरंभी एकट्याने न पाठविता जाणत्याच्या मागे पाठविण्याची रीत बरी. झोळीत सर्व घरांचे अन्न एकत्र येते, आणि नदीकाठी बसून जेवताना यातला कोणता घास कोणत्या घरचा, ते वेगळे काढता येत नाही.